गालातली सुपारी

सोपानदादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी लोणावळ्याच्या एका रुग्णालयात एका बाईंच्या उशाशी बसले होते. बाईंचं पित्ताशय काढायचं चाललं होतं, आणि मी भूलतज्ज्ञ असल्यामुळे त्यांचा श्वास तेवढा वेळ माझ्या हवाली होता. सिस्टर दाराशी आल्या नि हळूच म्हणाल्या, "मॅडम, सुदुंबऱ्याहून तुमच्या वहिनींचा फोन होता. घाई नाही म्हणाल्या, तुमचं झालं की करा." आमची वहिनी फोन करते ती नेहमी घाईतच, मागे दूध उतू जात असतं नाहीतर दाराशी कोणीतरी उभं असतं. घाई नाही असं ती म्हणाली म्हणजे आता घाई करण्याजोगं काही उरलेलं नाही, हे मला तिथेच कळलं. पण उठता येईना. माझ्या कामात मधूनच उठायची सोय नाही... ज्याला झोपवलं त्याला जागं करूनच जायचं. टाके घालून झाले, बाईंनी डोळे उघडले, मी नाव विचारलं, त्यांनी ते नीट सांगितलं, आणि मग मी बाहेर येऊन फोन लावला. "तुजं दादा गेलं गं," वहिनी म्हणाली. "पहाटं गेलं. तू कामात आसशील म्हणून म्या निरोप ठिवला." नवरा गेल्यावरही त्या बाईला माझ्या कामाची काळजी. "आलेच," एवढंच म्हणाले.

सोपानदादा माझा चुलतभाऊ, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठा. सुदुंबऱ्याला आमचं घर एकत्र होतं, त्यामुळे सख्खं कोण आणि चुलत कोण हे आम्हाला फार उशिरा कळलं, आणि कळल्यावरही काही बिघडलं नाही. पोटापाण्यासाठी तो आंबीच्या एका कारखान्यात मशीनवर होता, पण त्याला मशीनवर पाहिलेलं माणूस मला आजवर भेटलेलं नाही. भेटतात ते सगळे त्याला ऐकलेले. आमच्या भागात बैलगाड्यांच्या शर्यती होतात त्या घाटावर. घाट म्हणजे गावाबाहेरचा, मुद्दाम बांधून काढलेला चढाचा रस्ता. खालून गाडा सुटतो, पुढे घोडी धावते, वर निशाण पडतं, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच एक बारी संपते. एवढ्याशा वेळात जे घडतं ते हजारो माणसांना माइकवरून सांगणारा तो निवेदक. दादा उभ्या मावळात आणि शेजारच्या खेड तालुक्यात निवेदक म्हणून ओळखला जायचा. कोणता बैल कोणत्या गावचा, कोणाच्या दावणीतला, मागच्या यात्रेत कुठे अडला, सगळं त्याच्या जिभेवर असायचं. "लक्ष आसू द्या मंडळी, निशाणावाले लक्ष आसू द्या... घोडी सुटली, गाडा सुटला, आला, आला, आला... झाली, भिर्रर्र!" त्यातला शेवटचा र तो एवढा लांबवायचा की वर बैल सोडून त्यांना पाणी दाखवलं तरी खाली र चालूच असतो, असं लोक म्हणत. ही अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

आणि हे सगळं डाव्या गालात सुपारी धरून. त्या सुपारीमुळे त्याच्या आवाजाला एक ओली जाडी आली होती. स आणि श म्हणताना आत कुठेतरी पाणी हलल्यासारखं वाजायचं. निवेदकाला बोलवायला यात्रा कमिटीची माणसं घरी येतात ती नारळ आणि सुपारी घेऊन. सुपारी घेतली म्हणजे शब्द दिला, हे सगळीकडेच आहे. बाकीचे निवेदक ती खिशात टाकतात नाहीतर देव्हाऱ्यात ठेवतात. दादाचं तसं नव्हतं. तो अडकित्ता मागवायचा, पाहुण्यांच्या समोर सुपारी फोडायचा आणि तिचं एक खांड तोंडात टाकून गालात सारायचा. एकदा आत गेलेली ती सुपारी थुंकायची नाही, हा त्याचा नियम. चघळत चघळत विरवायची. थुंकली तर दिलेला शब्द थुंकला. हा नियम त्याला कोणी घालून दिला होता देव जाणे, पण कमिटीवाले त्यावर खूष असत. "सोपानानं सुपारी फोडली" असं गावात सांगितलं की यात्रेचं अर्धं काम झालं, असा त्याचा मान होता. हे झालं यात्रेच्या सुपारीचं. पुढे पुढे यात्रा असो नसो, गाल रिकामा म्हणून राहिनासा झाला. आवाज सुटायला लागते, असं तो म्हणायचा.

इथे माझ्या धंद्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण भूल म्हणजे एक सुई टोचली की झालं, असं पुष्कळांना वाटतं. झोपवणं सोपं असतं. झोपलेल्या माणसाचा श्वास चालू ठेवणं हे खरं काम. त्यासाठी तोंड उघडून, जीभ बाजूला सारून, श्वासनलिकेत एक नळी घालावी लागते. आता तोंडच उघडलं नाही तर काय करायचं? सुपारी वर्षानुवर्षं गालाला लागून राहिली की आतली मऊ कातडी पांढरी पडत जाते, ताठ होते, आणि सुकलेल्या चामड्याच्या पट्ट्यासारखी दोन जबड्यांना आवळून धरते. माणसाला ते कळतही नाही, कारण बोलता येतं, चहा पिता येतो, शिव्या देता येतात. म्हणून आम्ही पेशंटला त्याची स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायला सांगतो. तीन गेली तर ठीक. दोनच गेली तर आम्ही सावध होतो. एकच गेलं तर नळी घालायचा दुसरा रस्ता आधी शोधून ठेवतो. रात्रपाळीत जागं राहायला पुड्या खाणारे कारखान्यातले कामगार, मुंबई-पुण्याच्या वाटेवर गाड्या हाकणारे ड्रायव्हर, सकाळ-संध्याकाळ मिसरी लावणाऱ्या आमच्या मावश्या-काकू... मी किती तोंडांत बॅटरी मारून पाहिलं असेल त्याला गणती नाही. मी तशी फटकळ आहे. लग्नाच्या पंगतीत समोरच्याचा गाल फुगलेला दिसला की "आ करा बघू" असं माझ्या तोंडून निघून जातं, आणि त्यामुळे नात्यात मी फारशी लाडकी नाही.

दादाला मी आ करायला सांगितलं की तो म्हणायचा, "बैलबाजारात दात बगत्यात तसं काय बगती गं? मला इकायचा हाय व्हय?" सगळे हसायचे. मीही हसायचे आणि मग भांडायचे. आमच्या भांडणांना तो कधी चिडला नाही, आणि त्याने माझं कधी ऐकलंही नाही. आधी त्याला तिखट झोंबायला लागलं. सुदुंबऱ्याच्या घरात, जिथे मिरचीचा ठेचा भाकरीआधी वाढतात, तिथे वहिनी त्याची आमटी वेगळी काढायला लागली. मग तो लाडू फोडून खायला लागला, वडापाव दोन्ही तळहातांत चेपून पातळ करून खायला लागला. मी बोट दाखवलं की म्हणायचा, "वय झालं." मधली काही वर्षं शर्यतींवर बंदी होती. माइक बंद, घाटावर गवत माजलेलं. त्या काळात तो कारखान्यातून सुटला की घाटाच्या कठड्यावर एकटाच जाऊन बसायचा आणि गालात सुपारी घोळवायचा. बंदी उठली, पहिली यात्रा भरली, आणि तो माइकपुढे उभा राहिला तेव्हा ओठ जेमतेम विलग होत होते. आवाज मात्र तसाच, भिर्रर्रही तसंच. लोकांनी फटाके लावले. मी नंतर व्हिडिओ पाहिला तेव्हा मला त्याच्या आवाजापेक्षा त्याचे न हलणारे गालच दिसत राहिले.

मग एका दिवाळीनंतर वहिनीचा फोन आला की दादाच्या गालात आतून काहीतरी झालंय आणि ते भरत नाही. पुढचं सांगण्यासारखं थोडं आहे आणि ते सगळ्यांना ठाऊक असतं. तळेगावच्या बाजूच्या एका मोठ्या रुग्णालयात तुकडा काढून तपासला, गालाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन करायचं ठरलं. तिथल्या भूलतज्ज्ञ डॉ. रेणुका माझ्याहून बऱ्याच लहान, पण हाताला फार चांगल्या. मी दादाला भूल देणार नव्हते. आपल्या माणसाच्या बाबतीत हात खरा राहत नाही. तपासण्यांसाठी दादा आणि वहिनी माझ्याकडे लोणावळ्यात, तुंगार्लीला राहायला आले होते. वहिनी आत चहा टाकत होती आणि दादा गॅलरीत खुर्चीवर पाय वर घेऊन बसला होता. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की तोंड उघडत नसलं तर गळ्याला भोक पाडतात. दादाशी बोलताना माझी भाषाही गावावर जाते.

"पाडणार व्हय भोक?" त्याने विचारलं.

"लागलं तर पाडत्याल. न्हाई लागलं तर न्हाई."

"मंगे, भोकातनं वारा गेल्यावर आवाज कुटनं निघायचा?"

मी त्याला समजावलं की ते भोक बहुतेकदा नंतर बुजतं, आवाज परत येतो, आणि आधी आपण दुसरा रस्ता धरणार आहोत. तो जागा असतानाच त्याचा घसा औषधाने बधिर करायचा आणि नाकातून दुर्बिणीवरची बारीक नळी हळूहळू श्वासनलिकेत उतरवायची. नळी बसली की मग झोपवायचं. जागेपणी हे सोसायला अवघड असतं, पण हालला नाहीस तर बहुतेक भोकावाचून भागेल. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला जगवच आसं म्हणत न्हाई मी. आवाज तेवढा ठिव." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "आवाज काय हवंत ऱ्हातो व्हय? त्याला माणूस लागतं खाली." तो हसला. ओठ मिटलेलेच, पण खांदे हालले. मी आत निघून गेले, कारण मला रडू येत होतं आणि ते त्याला दिसायला नको होतं.

रुग्णालयात दाखल झाल्यापासून सुपारी बंद होती. त्यामुळे आठवडाभरात त्याचा आवाज कसा पोकळ आणि कोरडा झाला होता; शेजारच्या खाटेवरचं कोणी बोलतंय असं वाटावं. ऑपरेशनच्या सकाळी सिस्टरनी नेहमीचे प्रश्न विचारले. काही खाल्लंय का? "न्हाई." पाणी? "थेंब न्हाई." त्यात खोटं काही नव्हतं. दादाचे उपास कडक असत. रेणुकांनी मला उशाशी उभं राहायची परवानगी दिली होती, बहीण म्हणून. त्याला टेबलावर घेतलं, हाताला सलाईन लावलं. हात गार पडला होता. लाळ कमी करायचं इंजेक्शन आधीच देऊन झालं होतं. घसा बधिर करायचा फवारा रेणुकांनी हातात घेतला, तेव्हा त्याचं मन जरा दुसरीकडे वळावं म्हणून मी म्हटलं, "दादा, एक बारी सांग बगू. हितल्या लोकांनी ऐकली नसंल." त्याने वरच्या दिव्याकडे बघितलं आणि हळूच, मिटल्या ओठांनी सुरू केलं, "लक्ष आसू द्या मंडळी... निशाणावाले..." थिएटरमधली माणसं हातातलं काम थांबवून ऐकायला लागली. मला मात्र भलतंच ऐकू आलं. आवाज ओला होता. आठवडाभर सुपारी नाही, लाळ सुकवायचं औषध दिलेलं, आणि स म्हणताना आत पाणी वाजत होतं, घाटावर वाजायचं तसंच.

"दादा, गालात काय हाय?"

"काय न्हाई."

"दादा."

तो माझ्याकडे बघेना. मी रेणुकांचा हात धरून फवारा खाली ठेवायला लावला. मग तो म्हणाला, "किसनआबा आलतं सकाळी." किसनआबा म्हणजे एका यात्रा कमिटीचे जुने प्रमुख, दादावर पोटच्या पोरासारखी माया करणारे. तो बरा व्हावा, त्याला उभारी यावी, म्हणून म्हातारा पहिल्या गाडीने रुग्णालयात आला होता आणि चैत्रातल्या यात्रेची सुपारी देऊन गेला होता. घरून फोडूनच आणली होती, दवाखान्यात अडकित्ता कुठे मिळायचा. "आबा दारात आल्यावर न्हाई कसं म्हनू?" दादा म्हणाला. "उपाशी ऱ्हायाला सांगितलं व्हतं ना तुला?" मी विचारलं. त्यावर त्याने माझ्याकडे खऱ्याखुऱ्या नवलाने बघितलं. "उपाशीच हाय की. सुपारी म्हंजी काय जेवान हाय?"

त्या क्षणी मला त्याचा राग आला नाही, किसनआबांचाही आला नाही. भीती वाटली, एवढंच खरं. घसा एकदा बधिर झाला की काही घसरलं तर माणसाला ठसका लागत नाही. ते खांड श्वासनलिकेत गेलं असतं तर ते काढायला आत जायचा रस्ताच नव्हता, कारण तोंडात एक बोट जेमतेम जात होतं. आम्ही इतकी माणसं, इतकी हत्यारं, आणि त्याच्या गालातली सुपारी काढणं आमच्यातल्या कोणाच्याही हातचं नव्हतं. ती फक्त त्यालाच काढता येणार होती. आणि तो काढेना. सर्जन हात धुऊन उभे होते. दादा म्हणाला, "ही विरू दे. मग करा." विरायला दुपार झाली असती, आणि तोवर ती कधी कुठे सरकेल याचा भरवसा नव्हता. रेणुका म्हणाल्या, "काका, थुंकून टाका ना." त्याने मान हलवली. "थुकता येत न्हाई ती."

मी खाली वाकले, त्याच्या कानाशी तोंड नेलं. म्हटलं, "दादा, ही आत गेली तर मला तू डोळ्यांदेखत जाताना दिसशील आणि मला काही करता येणार न्हाई. वहिनी भाईर बसलीय. तिला मी काय सांगू?" त्याने दाराकडे बघितलं. मग त्याचा गाल आतून हालला. जिभेने ढकलत ढकलत त्याने ते खांड दातांच्या फटीशी आणलं, ते अडकलं, पुन्हा मागे गेलं, पुन्हा आलं. शेवटी ओठांवर सुपारीचा तपकिरी कोपरा दिसला. त्याने ती थुंकली नाही. सलाईन नसलेला हात वर करून, दोन बोटांत धरून, त्याने ती माझ्या हातमोज्यावर ठेवली. "तू धर," तो म्हणाला. "थुकली न्हाई मी. तुज्याकडं ठिवली."

"व्हय," मी म्हटलं. "मी बगितलं."

मग त्याने डोळे मिटले आणि रेणुकांना म्हणाला, "चालू द्या बाई." नळी नाकातून गेली तेव्हा तो हालला नाही. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि बोटं माझ्या मनगटावर रुतली होती, पण हालला नाही. रेणुकांच्या हाताने पहिल्याच खेपेला नळी बसली. त्याला झोप लागली तेव्हा मी एका हाताने त्याचा हात धरला होता आणि दुसऱ्यात ती सुपारी. ऑपरेशन लांबलं, पण गळ्याला भोक पाडावं लागलं नाही. शुद्धीवर आल्यावर त्याला बोलता येत नव्हतं. त्याने आधी स्वतःच्या पट्टी बांधलेल्या गालाकडे बोट केलं, मग माझ्याकडे. मी पर्समधून कापसाच्या घडीत ठेवलेली सुपारी काढून दाखवली. त्याने पुन्हा डोळे मिटून घेतले.

चैत्रात तो यात्रेला गेला. मी नको म्हणत होते, डॉक्टर नको म्हणत होते, वहिनी मात्र म्हणाली, "जाऊ द्या. घरात बसून तरी काय व्हनार हाय?" मीही गेले. डावा गाल आत गेलेला, ओठ एका बाजूला ओढलेले, त्यामुळे प आणि भ नीट उमटत नव्हते. सगळ्या बाऱ्या दुसऱ्या निवेदकाने सांगितल्या. शेवटच्या बारीला दादाने माइक घेतला. पहिले शब्द लोकांना कळले नाहीत. गाडा सुटला आणि तो ओरडला ते भिर्रर्र नव्हतं, हिर्रर्र असं काहीतरी होतं, पण र तेवढाच लांब होता. कोणी हसलं नाही. टेकडीवर बसलेल्या माणसांनी टोप्या काढून हलवल्या. खाली उतरून तो माझ्याकडे आला आणि तळहात पुढे केला. मी सुपारी दिली. ती त्याने नेऊन किसनआबांच्या हातावर ठेवली आणि म्हणाला, "घ्या आबा. शबुद पुरा झाला." थिएटरमध्ये काय होता होता राहिलं ते आबांना एव्हाना कळलं होतं. म्हातारा त्या खांडाकडे बघत म्हणाला, "सोपाना, माज्या हातानं काय झालं आसतं रं..." दादाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पुढे त्या कमिटीने निवेदकाला नुसता नारळ द्यायची पद्धत पाडली आहे. नवा निवेदक खिशात पुड्या बाळगतो ही गोष्ट वेगळी.

त्यानंतर दुखणं मानेत उतरलं. किरणांचे शेक दिले, औषधं झाली, आणि हे आता थांबणार नाही हे मला कळलं तसं त्यालाही कळलं. शेवटची भेट सुदुंबऱ्याच्या घरी, पडवीत. वहिनी पेज चमच्याने गालाच्या बऱ्या बाजूने सोडत होती. तो एवढा उतरला होता की ओळखू आला तो फक्त डोळ्यांवरून. वहिनी भांडं घेऊन आत गेल्यावर त्याने मला जवळ बोलावलं आणि कुजबुजल्यासारखं विचारलं, "त्या दिवशी तुला कसं कळलं?" कुठला दिवस हे विचारावं लागलं नाही. मी म्हटलं, "तुजा आवाज ओला आला." त्याने बराच विचार केला. मग म्हणाला, "त्या चैताआदी तू कदी घाटाव आली न्हवतीस. मला वाटायचं, मंगी काय ऐकत न्हाई आपलं." मी त्याला सांगितलं की बारावीच्या वर्षी मी माळ्यावर अभ्यास करत बसायचे तेव्हा घाटावरून त्याचा आवाज शेतं ओलांडून यायचा, आणि मला बैल, गावं, सगळं पाठ झालं होतं. ऐकत नव्हते असा एक दिवस नव्हता. हे मी त्याला आधी कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं काय त्यात, असं वाटायचं. त्याने माझा हात हातात घेतला आणि तो झोपेपर्यंत सोडला नाही. आता तो नाही, आणि मला त्याची फार आठवण येते. इतकं साधं वाक्य लिहायला मला एवढे आठवडे लागले.

त्याच्या ऑपरेशनपासून मला एक सवय लागली आहे. भूल देण्याआधी पेशंटला आ करायला लावते, तीन बोटं बघते, आणि मग म्हणते, आता काहीतरी बोला. लोक गोंधळतात. कोणी नातवंडांची नावं घेतं, कोणी देवाचं म्हणतं, एका बाईंनी मला पुरण कसं शिजवायचं ते सांगितलं होतं. मी त्यांच्या बोलण्याकडे नाही, गालांकडे कान देते. परवा आंबीचे एक आबा आले होते. बैलाने ढुशी दिल्याने खांद्याचं हाड मोडलेलं. तंबाखू-सुपारी? "कदी शिवलो न्हाई." तीन बोटं सहज गेली. मी म्हटलं, "बोला आबा काहीतरी." "काय बोलू?" "येईल ते." त्यांनी जरा विचार केला, घसा खाकरला आणि म्हणाले, "लक्ष आसू द्या मंडळी, निशाणावाले लक्ष आसू द्या..." आणि आत पाणी वाजलं. स म्हणताना, अगदी तसंच. मी दचकून म्हटलं, "आबा, गालात काय आहे? खरं सांगा." ते ओशाळले. "काय न्हाई ओ बाई. सुदुंबऱ्याचा सोपान व्हता आमचा, गेला बिचारा. त्याच्या गालात आसायची सुपारी. तो बोलायचा तसं बोललो." मी बॅटरी घेतली. डावा गाल बघितला, उजवा बघितला, जिभेखाली बघितलं. सगळं गुलाबी, मऊ. तोंड रिकामं होतं. सिस्टर इंजेक्शन भरून उभ्या होत्या.

"पुन्हा एकदा म्हणा," मी म्हटलं.